हिशेबाच्या सॉफ्टवेअरला कुंकू

दिवाळीच्या पाडव्याला घरखर्चाचा हिशेब कॉम्प्युटरवर सुरू करायचा, असं मी ठरवलं. सॉफ्टवेअर फुकट होतं, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं. "फुकट देत्यात म्हंजी कायतरी काढून घेणार की," आई म्हणाली. मी वैतागून सुनावलं, "कुणीही घ्यावं, कितीही वेळा घ्यावं, असंच आहे ते!"

सोलापुरात त्या दिवशी सकाळपासून लाइट येत-जात होती आणि आमच्या जुन्या डेस्कटॉपला बॅटरी नव्हती. इन्स्टॉलेशनची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. पंखा जरा मंदावला तरी मी दचकून वर बघे. कुणी मिक्सर लावला तर बघा, असा दमही मी घरात भरला होता.

पट्टी शेवटाला आली आणि आई पूजेचं ताट घेऊन आली. पाडव्याला नव्या वहीला कुंकू लागतं, मग या डब्याला का नको? मी स्क्रीनवरून नजर हलवली नाही. तिनं कुंकवाचं बोट डब्यावर जिथं निळा दिवा दिसला तिथंच, चांगलं दाबून टेकवलं. ते चालू-बंद करायचं बटण होतं.

स्क्रीन काळी झाली. मी ओरडायला तोंड उघडलं.

"कितीबी वेळा घ्यावं म्हनालास न्हवं?" आई म्हणाली. "मग घे की परत."