टेकून बसायची जागा

रविवारी मी सोफा धुतला. माझे वडील, अण्णा, रोज एकाच जागी टेकून बसतात. तिथे त्यांच्या डोक्याच्या तेलाचा काळपट गोल डाग पडला होता. शाम्पूच्या फेसाने तो घासता घासता मी वैतागून म्हणालो, "किती तेल थापतात हे डोक्याला!" अण्णा शेजारीच पेपर वाचत होते.

डाग निघाला. आज संध्याकाळी पाहतो तर अण्णा सोफ्याच्या कडेला ताठ बसून टीव्ही बघत होते. कोरडे पांढरे केस पंख्याच्या वाऱ्यावर भुरभुरत होते.

"अण्णा, नीट टेकून बसा ना."

"नको रे. एवढं घासलंयस तू."

कापड घासून पुन्हा पहिल्यासारखं होतं. पण एवढ्याशा बोलण्याने माणूस आपल्याच घरात पाहुण्यासारखा बसू लागतो.

मी खोबरेलाची बाटली आणली आणि त्यांच्या टाळूवर तेल चोळू लागलो.

"अरे पुरे, कपाळावर ओघळतंय!" ते हसले.

खांद्यांना धरून मी त्यांना हलकेच मागे टेकवलं. पाठ टेकली. मान मात्र त्यांनी सोफ्यापासून बोटभर पुढेच धरून ठेवली.