लबनवाले तात्या

दिवसभर दुधाचाच धंदा करणारा माणूस, पण माझ्याशी बोलताना तात्यांनी ‘दूध’ हा शब्द एकदाही उच्चारला नाही. सकाळी सव्वासातला बेल वाजायची. दारात कंपनीचा पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर निळी टोपी आणि नजर लिफ्टच्या बटणांवर. “वैनी, डबा.” एवढंच. मी आइसबॉक्स पुढे करायची, ते तो दोन्ही हातांनी घ्यायचे आणि बटणांकडेच बघत विचारायचे, “ताजं हाय न्हवं?” जशी काही त्या डब्यात मेथीची जुडी होती.

तात्या मूळचे पाटण तालुक्यातले. घरी म्हशी, डोंगरउतारावर थोडी जमीन आणि पोटापुरतं काही पिकत नाही म्हणून दुबईला आलेले. एका डेअरीची थंड व्हॅन चालवायचे. पहाटे रास अल खोरच्या डेपोतून निघून शारजातल्या ग्रोसऱ्यांना दही आणि लबन, म्हणजे अरबांचं ताक, पोचवायचं आणि मग दुबईतली दुकानं उरकत परत. आमच्या बिल्डिंगमधली मुलं त्यांना ‘लबन अंकल’ म्हणत. माझी ओळख झाली ती भांडणातून. खालच्या ग्रोसरीत आंबट दह्याचं पाकीट परत करायला गेले होते, दुकानदार ऐकेना, म्हणून मी तोंडातल्या तोंडात मराठीत त्याचा उद्धार केला. तेव्हा ट्रे उतरवणारा माणूस वर न बघता म्हणाला, “वैनी, मागलं पाकीट घेत जावा. फुडं जुनं लावत्यात.” माझी चांगलीच फजिती झाली. पण त्या दिवसापासून मला शिळं दही कधी मिळालं नाही.

त्या ऑगस्टमध्ये माझी मुलगी नऊ आठवडे आधी जन्मली. एक किलो तीनशे पन्नास ग्रॅम. पोट फाडून काढली, मला नीट दाखवलीसुद्धा नाही, थेट काचेच्या पेटीत. हॉस्पिटल दुबईत, घर शारजात, नवरा दूर वाळवंटात, रुवैसच्या साइटवर, फक्त गुरुवारी रात्री येणार. आईचा व्हिसा अडकलेला. त्यात माझे टाके पिकले. सातव्या दिवशी मला घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टाके सुकेपर्यंत गाडीत बसायचं नाही, आणि बाळ दोन किलोचं झालं की घेऊन जा. तोवर तिला आईचंच दूध हवं, आतडी नाजूक आहेत, बाहेरचं सोसायचं नाही. मी म्हटलं, मी इथे, ती तिथे, दूध काय फोनवरून पाजू? त्यांनी एक हातपंप, डझनभर छोट्या बाटल्या दिल्या आणि ‘मॅनेज करा’ म्हणाल्या.

नवऱ्याने त्या गुरुवारी ग्रोसरीत उभं राहून टॅक्सीवाला ठरवायचा प्रयत्न चालवला होता. तात्यांनी ते ऐकलं असणार. शनिवारी सकाळी बेल वाजली. “मी रोज त्या दवाखान्यापुढनं जातो. गाडी थंड हाय. नऊच्या आत पोचंल.” कंपनीच्या गाडीत कंपनीचाच माल, हा नियम मलाही ठाऊक होता. मी विचारलं, कोणी तपासलं तर? तात्यांनी खांदे उडवले. “तर खलास. व्हिसा कॅन्सल, गाव गाठायचं. पण तपासतंय कोन? द्या डबा.” मी दिला. त्या वेळी दुसऱ्याच्या नोकरीचा विचार करण्याइतकी मी चांगली उरले नव्हते, हे कबूल करते.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. डॉक्टरांनी पडून राहा सांगितलं होतं. मी पलंगापासून दारापर्यंत चालायची, टाक्यांवर हात दाबून. चौदा पावलं. दर तीन तासांनी पंप, मधल्या वेळात बाटल्या उकळणं आणि उरलेला वेळ फोन. वॉर्डातल्या लिसी सिस्टर केरळच्या, हिंदी तोडकंमोडकं. “वेट कितना, सिस्टर?” “सेम सेम.” “कल से?” “टेन ग्राम प्लस.” दहा ग्रॅम! मी स्वयंपाकघरातला मिठाचा चमचा हातात धरून दहा ग्रॅम म्हणजे किती याचा अंदाज घेत बसायची. बाळ घरी नाही, अंगावर बाळंतिणीचे कपडे, ओटीपोट रिकामं. एका जागी जीव म्हणून ठरत नव्हता.

डबा जायला लागल्याच्या पाचव्या दिवशी लिसी सिस्टरचाच फोन आला, चढ्या आवाजात. “मॅडम, तुम्हारा मिल्क बॉक्स में कोयला है! सब बॉटल काला काला. डॉक्टर बोला, फेको. सब फेक दिया.” मला आधी काही कळेना. मग कळलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. दुभत्याचं काही उंबऱ्याबाहेर न्यायचं तर दृष्ट लागू नये म्हणून सोबत कोळसा ठेवायचा, ही आमच्याकडची रीत. तात्यांनी ती बिनबोभाट पाळली होती, आणि तीही थेट नवजात बाळांच्या त्या वॉर्डात, जिथे नर्सबाईसुद्धा कोपरापर्यंत हात धुऊन शिरते. आठ बाटल्या. माझा अख्खा एक दिवस आणि तिचाही.

दुसऱ्या दिवशी दार उघडल्या उघडल्या मी सुरू झाले. अडाणी, गावंढळ, पोरीच्या जिवावर उठलात, काय काय बोलले. बापाच्या वयाचा माणूस. तात्या टोपी हातात घेऊन ऐकत राहिले. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाले, “चुकलं, वैनी. नवी नवी दुभती जित्राबं नजरंला लवकर येत्यात, म्हनून टाकला. हुक्क्याच्या दुकानातनं आनला हुता, चांगला धुतल्याला.” धुतलेला कोळसा! एरवी मी हसून लोळले असते. तेव्हा मी डबा त्यांच्या हातात जवळजवळ आदळला. “डब्यात काही घालायचं नाही. शपथ घ्या.” “डब्यात न्हाई घालत. शप्पथ,” ते म्हणाले आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरले. चार मजले.

मला वाटलं, उद्या काही हा माणूस यायचा नाही. सात वाजल्यापासून मी दाराला कान लावून उभी. सव्वासातला बेल वाजली. “वैनी, डबा.”

अपमान गिळून येणाऱ्या माणसाला मी निदान पुढे तरी नीट वागवायला हवं होतं. पण माझी जीभ म्हणजे सोडलेलं कुत्रं. इतका टापटीप माणूस, पण त्या आठवड्यापासून त्यांच्या शर्टाच्या डाव्या खिशावर एक काळपट डाग दिसायला लागला. आज दिसला, उद्या दिसला. वंगणाचा असेल म्हणून मी गप्प बसले. तिसऱ्या दिवशी बसवेना. “तात्या, शर्ट तरी धुवा हो. हॉस्पिटलात जाता तुम्ही.” त्यांनी पटकन खिशावर तळहात ठेवला. “धुतो की. सुपरवायझर बी वरडला काल.” पण डाग काही गेला नाही.

आणि मग माझं दूध आटायला लागलं. आठाच्या सहा बाटल्या झाल्या, सहाच्या चार. त्या सकाळी तर दोनच, दुसरी अर्धी. आई फोनवर सांगायची, अळीव खा, डिंक खा, शतावरी घे. सगळं खाऊन बसले होते. तिकडे सिस्टर म्हणत होत्या, आता बाहेरचं द्यायची वेळ आली तर देऊ. मी तात्यांच्या हातात डबा दिला तो हलका लागला असणार. ते निघेनात. पहिल्यांदाच लिफ्टकडे न बघता खाली फरशीकडे बघत म्हणाले, “वैनी, रागवू नका. रेडकू जवळ नसलं की म्हस पान्हा चोरती.”

मी म्हटलं, “मी म्हैस?”

“तसं न्हवं ओ. तिला दोस न्हाई त्यात. रेडकाच्या अंगाचं फडकं तिच्या म्होरं टाकायचं. वास आला की सोडती.” एवढं बोलून ते लाजेने लालबुंद झाले आणि पळालेच.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या डब्यासोबत एक प्लॅस्टिकची पिशवी होती. आत मुठीएवढी विणलेली टोपी. तात्यांनी लिसी सिस्टरकडे कसली मागणी केली होती ते मला पुढे तिनेच हसत हसत सांगितलं. “सिस्टर, बच्चे का कपडा देव. उसकी माँ सूंगेगी.” ती म्हणे आधी घाबरली, मग डॉक्टरांना विचारून तिने बाळाच्या डोक्यावरची टोपी काढून दिली. आत नेलं नाही त्यांना, कधीच नाही. आईबापांशिवाय कोणाला परवानगी नव्हती. रोज दारातल्या खिडकीतून डबा द्यायचा आणि वळायचं.

मी ती टोपी नाकाशी धरली. औषधाचा वास होता, साबणाचा होता आणि त्यांच्या खाली कुठेतरी आणखी एक होता, तो मी ओळखलाच. मी पलंगावर बसून मोठ्याने रडले, बाळंतपणानंतर पहिल्यांदा. पंप लावायच्या आधीच गाऊन भिजला होता. त्या दिवशी पाच बाटल्या भरल्या. चौथ्या दिवशी नऊ. तात्यांनी डबा उचलला, हातात तोलून पाहिला आणि लिफ्टच्या बटणांना उद्देशून म्हणाले, “हां. आता वजनदार हाय.”

एकेचाळिसाव्या दिवशी ती दोन किलो वीस ग्रॅम भरली. शुक्रवारी आम्ही दोघं जाऊन तिला घरी घेऊन आलो. शनिवारी नवरा पहाटेच साइटवर गेला आणि सव्वासातला बेल वाजली. डबा द्यायचा नव्हता, तरी वाजली. तात्यांनी चपला बाहेर काढल्या, न सांगता मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि दिवाणखान्याच्या मध्यावर येऊन उभे राहिले. मी मुलीला पुढे केलं तर ते मागे सरले. “थांबा. आदी ह्ये काढतो. दुपट्याला लागंल.”

त्यांनी डाव्या खिशातून कोळसा काढला. झिजून सुपारीएवढा झालेला. “डब्यात न्हाई घातला, वैनी. शप्पथ घेतली हुती न्हवं? पर मोकळं कसं न्यायचं, म्हनून माज्यापाशीच ठेवला.” तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. माझी नजर त्यांच्या शर्टावरच्या डागावर गेली आणि तिथेच खिळली. मी ज्याला वंगण म्हणत होते, ज्याच्यासाठी त्यांना सुनावलं होतं, सुपरवायझर ज्याच्यासाठी ओरडला होता. मला माफी मागायची होती. तोंडाची मी एवढी फटकळ, आणि म्हणाले काय, तर “शर्ट द्या, मी धुऊन देते.”

“ऱ्हाऊ द्या. आता निघत न्हाई त्यो.”

मग त्यांनी मुलीला घेतलं. म्हशी पिळून राठ झालेले हात, पण तिचं डोकं त्यांनी असं धरलं की मला शिकवायची गरज पडली नाही. खाली व्हॅन चालू होती, तिचा आवाज येत होता. तात्यांना तीन मुलं. दोन वर्षांनी एकदा रजा मिळायची, त्यामुळे तिन्ही त्यांनी पहिल्यांदा पाहिली ती चालताना, आईच्या पदराआड लपताना. हे त्यांनी मला त्या क्षणी सांगितलं, सहज, भाव सांगावा तसं. आणि मग नजर न उचलता विचारलं, “आमची पोरं बी येवडीच आसतील न्हवं, वैनी?”

“हो,” मी म्हटलं, “एवढीच.” मला काय माहीत. पण म्हटलं.

पुढच्या वर्षी त्यांचा रूट बदलला, नंतर ते गावी गेल्याचं ग्रोसरीवाल्याने सांगितलं. पत्ता मी कधी विचारलाच नव्हता. मुलगी आता पंचविशीत आहे. पहिल्या नोकरीसाठी बेंगळुरूला निघाली, तेव्हा तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात मी तो कोळसा घातला. विमानतळावर तिला तो सापडला. “मम्मा, व्हॉट इज धिस? माझं सगळं लायनिंग काळं झालं!”

“होऊ दे,” मी म्हटलं. “धुऊ नकोस.”