सुकीचं लुगडं

सुकी झरी गावची. नवरा बारक्या गुजरातला बोटीवर खलाशी. ही चिखल्याला चिकूच्या वाडीत कामाला, चार महिन्यांची सोमी पोटाशी बांधून. पोरीला खाली ठेवील तर शपथ! मुकादम कितीही ओरडो, आधी पोरीला पाजणार, मग टोपली उचलणार. अशी बाई.

म्हणूनच वाडीत शूटिंगवाले आले आणि त्यांनी सिनेमासाठी सोमीला मागितलं, तेव्हा तिने साफ नाही म्हटलं. पण त्यांचा मॅनेजर प्रितेश, मोठा गोडबोल्या. "अगं, कायदाच आहे. तान्हं मूल असलं की आई समोर लागते. रडलं की पाजायचं. तपासायला सरकारी साहेबपण येतात." कायदा म्हटल्यावर बाईचा जीव भांड्यात पडला.

सकाळी त्यांनी तिचं अंगावरचं लुगडंच मागून घेतलं. सिनेमातली आई, मयूरी, तेच नेसणार होती. सुकीला दिली कडक कोरी साडी, वर भसाभस अत्तर मारलं. मग प्रितेशचा सूर बदलला. "तुझ्याजवळ पोर गप्प बसते, आणि आपल्याला रडणं पाहिजे. तू फाटकाबाहेर बस. सीन होईपर्यंत पाजायचं नाय." काय म्हणावं या मेल्याला!

उन्हं डोक्यावर आली. आत सोमी टाहो फोडत होती, बाहेर सुकीची छाती दुधाने ठणकत होती. "मरेल रे माझी पोर!" ओरडून ओरडून तिचा घसा बसला. कोणी ढुंकून पाहिलं नाही.

तेवढ्यात तपासणीच्या साहेबांची गाडी आली. फाटक उघडताच सुकी आत घुसली. "साहेब, मी आई हाय तिची! पाजू देत नाय!"

"वेडी आहे साहेब. आई ही," प्रितेशने मयूरीकडे बोट केलं. मयूरीचं पहिलंच काम. ती मान खाली घालून उभी राहिली. अगं बये, एक शब्द बोलली असतीस तर!

साहेब सुकीकडे बघून म्हणाले, "द्या बाळ हिच्याकडे."

सुकीने सोमीला ओढून छातीशी घेतलं, पदराआड धरलं. पण रडून रडून पोर बेभान झालेली. त्यात ती करकरीत साडी, तो अत्तराचा भपकारा. सोमी तोंड लावेना, अंग ताठ करून किंचाळायला लागली. प्रितेशने तिला उचलून मयूरीकडे दिलं. त्या मळक्या लुगड्यात नाक खुपसलं आणि पोर हुंदके देत गप्प झाली.

"लेकरू आईला बरोबर ओळखतं हो," म्हणत साहेब गाडीत बसले.

सुकीने मयूरीचे पाय धरले. "लुगडं दे गं माझं, बाई. मग येईल ती माझ्याकडं."