वाऱ्याला वाट

"माझ्या तोंडाला भोकं पाडलीत, मामू? माझ्या?" उम्म अल हस्समच्या नाक्यावर शेठ असे ओरडले की हिरवा दिवा लागूनही गाड्या हलेनात. त्यांच्या मागे त्यांचाच दोन मजली चेहरा टांगलेला, आणि कपाळावर, गालांवर, ओठांखाली वारा जायला अर्ध्या चंद्रासारखे काप. शिडीवर गाठ मारता मारता मामू म्हणाले, "तोंडाला नाय शेठ, बॅनरला पाडली. तोंड मध्ये आलं."

साऱ्या बहारीनमध्ये वाऱ्याशी बोलणंचालणं असलेला हा एकच माणूस, आणि तो नईममध्ये आमच्या खालच्या मजल्यावर राहायचा. मामू रत्नागिरीकडच्या खाडीवरचे; आजा गलबतांची शिडं शिवायचा. शिडानं वारा धरायचा, बॅनरनं सोडायचा, धंद्यात फरक तो एवढाच, असं ते सांगत. सकाळी गच्चीवर ओलं बोट वर धरून ते जे जाहीर करत, त्यावर इमारतीतल्या बायका कपडे वाळत घालत. मोबाइलवरचं हवामान दाखवलं तर म्हणत, "त्याला बोलाव गच्चीवर." कडेला दोर घालून दुमड अशी शिवत की एकदा शमालमध्ये, म्हणजे उत्तरेच्या त्या धुळीच्या वाऱ्यात, अरादला खांब वाकला पण मामूंचा बॅनर सुटला नाही, उलट तीन दिवस खांबालाच त्यानं धरून ठेवलं. मी स्वतः पाहिलंय. निदान पाहिलेल्या माणसाला पाहिलंय. एका लग्नात तर मांडवाची गाठ चुकीची दिसली म्हणून बिर्याणी टाकून उठले, ती सोडून पुन्हा मारली, आणि तोवर काझीसाहेबांसकट सगळ्यांना उन्हात उभं केलं.

आता शेठ म्हणजे मामू कामाला होते त्या छपाईच्या दुकानाचे मालक, आणि त्या वर्षीचे आमच्या मंडळाचे अध्यक्ष. स्नेहसंमेलनाची वेळ आणि हॉल बॅनरच्या कोपऱ्यात बोटभर अक्षरांत. बाकी सगळे शेठ. मामूंचा व्हिसा त्याच महिन्यात संपणार होता आणि त्यावर सही शेठची. "चेहऱ्याला कात्री लागली तर व्हिसा खलास," असं त्यांनी आधीच बजावलं होतं. मीही हात जोडले होते, "मामू, कडेकडेनं कापा की!" मामूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना मिठाशिवाय मासळी रांधायला सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी शमाल आला. फर्निचरच्या सेलचा बॅनर थेट समुद्रात गेला. एका दातांच्या दवाखान्याचा बॅनर बसवर असा बसला की पुढच्या थांब्यावर लोक दात दाखवायलाच चढले. शेठ मात्र जागच्या जागी! फक्त काप उघडझाप करायचे, म्हणून भुवया उडायच्या, ओठ हलायचे. आवाज न होणारं शेठचं भाषण लोकांनी पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं. संमेलनाचा हॉल खच्चून भरला. शेठनी माइकवरून सांगितलं, "वादळातही उभं राहतं, त्याला नेतृत्व म्हणतात!" टाळ्या पडल्या. सही मात्र झाली नाही.

आता दर शमालला नाक्यावरचे बॅनर उडतात आणि नवे लागतात. दुकान जोरात चालतं म्हणे.

मामूंना एअरपोर्टवर सोडायला मीच गेलो होतो. ट्रॉलीवर दोन बॅगा आणि दोरानं करकचून बांधलेला एक खोका. आत जाताना मला राहवलं नाही. "मामू, तेवढं तोंड सोडून कापलं असतंत तर?"

मामू पासपोर्ट खिशात घालत म्हणाले, "वारा तिथंच बसत होता."