डाव्या बाजूचा स्टड

मनोहर काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिरोड्याला ड्युटीवर होते. चुलतभाऊ म्हणाला, "बाबा गेले, झोपेतच." आणि मी विचारलं काय, तर "शेठजीले कळवलं का?" मरणाची बातमी ऐकून कोणी असं विचारतं का? पण माझ्या तोंडून तेच निघालं. त्याला आता महिना होऊन गेला. तेव्हापासून बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठं जावं ते कळत नाही... म्हणून लिहायला घेतलं.

काकांचं गोंदियात सायलेन्सर वेल्डिंगचं दुकान होतं. शिक्षण सातवी. राईस मिलच्या भट्ट्या दुरुस्त करता करता ते गाड्यांकडे वळले, आणि जुनी गाडी असली की लोक त्यांचंच नाव घ्यायचे. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, मेकॅनिकल इंजिनीअर. हे मी ताठ मानेने सांगते. माझ्या पहिल्या वर्षाच्या ड्रॉइंगची शीट काकांनी दुकानात लावली होती, काजळी बसू नये म्हणून वरून प्लास्टिक. गिऱ्हाईक आलं की त्याला आधी ती दाखवायचे, मग त्याच्या गाडीकडे बघायचे.

नोकरीचं पत्र आलं त्याच आठवड्यातली ही गोष्ट. एका राईस मिलच्या शेठजींकडे जुनी विलायती स्पोर्ट्स कार होती. इंजिन मागच्या बाजूला, आणि थंड होणार पाण्याने नाही, हवेने. त्यात आत धूर यायला लागला होता. शेठजींनी बाहेरून हीट एक्स्चेंजरची नवी जोडी मागवली. मूळ कंपनीची नव्हे, दुसऱ्याच कोणी बनवलेली. मी पुस्तकातली भाषा सुरू केली तर काका म्हणाले, "थांब वं माय. हे तर धान वाळवायच्या भट्टीसारखंच हाय. मधल्या पाइपातून धूर जाते, भवतालच्या पत्र्याच्या खोळीतून हवा. हवा तापून गाडीत येते. दोघांची भेट नाही झाली पाहिजे, बस."

"पण काका, गोंदियात हीटर कायले पाहिजे?"

"शेठजीले विचार. मे महिन्यात लावून बसतीन!"

गंजलेली जुनी जोडी काढायलाच दोन दिवस गेले. डिझेल लावायचं, तापवायचं, वाट बघायची. काकांचा एक नेम होता, नट आधी बोटांनी चार फेरे बसला पाहिजे, त्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. उजवी बाजू तशी बसली. डावी बसेना. नव्या एक्स्चेंजरच्या तोंडाची चकती इंजिनापासून दोन सूत, म्हणजे पाव इंच, दूर राहायची. काका म्हणाले, "उद्या गॅसने तापवून पाइपाले वळण देऊ. आता हात नको लावू." आणि ते समोरच्या टपरीवर चहाला गेले.

माझ्याकडे नवा टॉर्क पाना होता, नट किती जोराने आवळला ते दाखवणारा, आणि मॅन्युअलमधला जोराचा आकडा पाठ होता. मला वाटलं, आकड्याच्या आत राहिलं की नटच चकतीला ओढून घेईल. दोन सूत म्हणजे काय! मी आवळत गेले. पाना अचानक हलका पडला. स्टड, म्हणजे इंजिनात रोवलेला तो दांडा, आट्यांसकट उपटून बाहेर आला होता. ॲल्युमिनियमचा चुरा माझ्या बोटांवर चमकत होता.

काका परत आले, वाकून बघितलं. तेवढ्यात शेठजी पेढे घेऊन हजर, माझ्या नोकरीचे. "ये कैसे हुआ, मनोहर?"

"माझ्याच हातून झालं, शेठजी. जोर जास्त लागला."

मी तोंड उघडलं तर काकांनी पाय दाबला माझा, बुटाने, चांगला जोरात. शेठजी गेल्यावर मी भांडले. काऊन खोटं बोलले? तर म्हणाले, "माह्या नावावर चाळीस वर्षांचं काम हाय, त्यात एक स्टड खपून जाते. तुह्या नावावर अजून काहीच नाही. तुले नाही खपत."

खपला नाही. शेठजींनी गाडी ट्रकवर चढवून नागपूरला पाठवली, आणि गावात पसरलं की मनोहरचा हात गेला. जुन्या गाड्यांची माणसं यायची थांबली. काका ऑटोचे सायलेन्सर जोडत राहिले. मी दर सुट्टीत ठरवायचे, यावेळी शेठजींना सांगायचं. सात वर्षं ठरवत राहिले. आता पुढच्या वेळी, आता पुढच्या वेळी...

काकांच्या पुण्यानुमोदनाच्या सभेत बुद्धवंदनेनंतर लोक बोलायला उठले. शेठजीही उठले. म्हणाले, "मनोहर का हाथ सोने का था. बस, आखिर में एक बार चूक गया. उमर सबकी होती है." लोकांनी माना हलवल्या. मग मला बोलायला लावलं. मी शीटचं सांगितलं, प्लास्टिकचं सांगितलं, आणि खाली बसले. स्टडचं तेव्हाही नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शेठजींच्या मिलवर गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बेटी, चाचा का नाम बचा रही हो, अच्छी बात है. पर इंजीनियर लोग ऐसी गलती थोड़े करते हैं."

परत परत सांगितलं. आकडा सांगितला, पाना सांगितला. ते हसले आणि चहा मागवला. माझी पदवी काकांच्या आड अशी येऊन उभी राहिली होती.

तिथून दुकानावर गेले. भावाला पाटी उतरवायची होती. 'जुन्या गाड्यांची कामे केली जातील' ही पाटीवरची ओळ काकांनी कधीतरी स्वतःच निळ्या रंगाने झाकून टाकली होती. इतक्या वेळा येऊनही ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. भावाला म्हटलं, पाटी राहू दे, अजून काढू नको. आणि खडूच्या डबीतला सँडपेपर घेऊन स्टुलावर चढले. अक्षरं हळूहळू वर आली, पुसट का होईना.

शेठजींनी मानलं नाही. पण हा पेपर गोंदियात घरोघरी येतो, म्हणून इथं माझ्या नावानिशी लिहिते. त्या गाडीच्या इंजिनाचा डाव्या बाजूचा स्टड मी उपटला. मनोहर काका तेव्हा समोरच्या टपरीवर चहा पीत होते, आणि जाताना मला सांगून गेले होते, हात नको लावू.