काडतूस किती लांब?

रायफल क्लब म्हटलं की लोकांना वाटतं, तिथं नुसत्या गोळ्या चालत असतील. आमच्या आदिलाबादच्या क्लबात रविवारी सकाळी तासभर गोळ्या चालतात, आणि मग जेवणवेळेपर्यंत तोंडं चालतात! भांडणाचा विषय कायम एकच, काडतुसाची लांबी. मी सेक्रेटरी, त्यामुळे भांडण सोडवणं आणि चहा सांगणं ही दोन्ही कामं माझ्याकडे. किस्से साठत जातात. आपण विसरायचं म्हटलं तरी आमचे वकीलसाहेब विसरू देत नाहीत.

नवख्यांसाठी एवढं सांगून ठेवतो. क्लबला काडतुसं स्वतः भरायची परवानगी आहे. पितळी केस, म्हणजे नळकांडं, आत दारू, तोंडाशी गोळी. गोळी बाहेर ठेवली तर काडतूस लांब, आत दाबली तर आखूड. हे काम आमचे डॉक्टर करतात, म्हणजे दातांचे डॉक्टर. ते म्हणतात, गोळी नळीतल्या आट्यांच्या, म्हणजे पिळदार खाचांच्या, जितकी जवळ, तितका नेम पक्का, म्हणून काडतूस लांबच हवं. वकीलसाहेब म्हणतात, रायफलीच्या पोटातल्या मॅगझीनमधून बिनतक्रार वर चढेल तेच खरं काडतूस, बाकी सब फिजूल!

या भांडणात खरं काही अडकलेलं होतं ते मात्र शोभाताईंचं. ते सांगतोच.

* * *

एकदा डॉक्टरांनी खूप मेहनतीनं लांब काडतुसं बनवली. त्यातली पाच एकेक करून हातानं नळीत घातली आणि झाडली. पाचही भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली! डॉक्टर तो कागद सगळ्यांना दाखवत फिरले.

वकीलसाहेबांनी कागद पाहिला, मान डोलावली आणि उरलेली काडतुसं मॅगझीनमध्ये घालायला घेतली. एकही जाईना. टोक पुढच्या भिंतीला टेकायचं आणि बूड वरच राहायचं.

“डॉक्टर, हे जाऊन नाही राह्यलं!”

“हातानं भरा ना एकेक. मॅगझीन कायले पाह्यजे?”

“मंग मॅगझीनमंदी काय सुपारी ठेवू?”

* * *

पुढच्या रविवारी वकीलसाहेब स्वतः भरायला बसले. डॉक्टरांनी आधीच बजावलं, “आखूड करायचं असंल तर दारू कमी करून खालपासून सुरुवात करा. आतली जागा घटली का दाब वाढते.” वकीलसाहेबांनी तेवढं ऐकलं. गोळी मात्र रागारागात अशी आत दाबली की टोक कसंबसं बाहेर दिसत होतं.

मॅगझीनमध्ये काडतुसं पटापट गेली. वकीलसाहेबांनी आमच्याकडे ऐटीत पाहिलं आणि काडतूस नळीत सारणारा बोल्ट पुढे ढकलला. काडतुसानं मान खाली घातली आणि नळीच्या तोंडाखाली जाऊन रुतलं. दुसरंही रुतलं. तिसरंही!

डॉक्टर इतका वेळ हाताची घडी घालून उभे होते. मग हळूच म्हणाले, “वकीलसाहेब, पुढची तारीख घेता का?”

त्या दिवशीचा चहा डॉक्टरांनी पाजला.

* * *

आता शोभाताई. बोथकडच्या शाळेत गणित शिकवतात, आणि नेमात आमच्या सगळ्यांच्या वरचढ. क्लबची मोठी रायफल एकच आहे, सध्या ताईंच्या नावावर. ती ज्याच्या नावानं लावली, त्यानं राज्याच्या मॅचमध्ये पात्रतेचे मार्क आणायचे, असा नियम. गेल्या वर्षी हैदराबादला वेळेच्या फेरीत (शिट्टीआधी पाच गोळ्या) ताईंच्या तीन गोळ्या झकास गेल्या. चौथं काडतूस मॅगझीनमध्येच अडकून बसलं. ताई ते बोटानं काढेपर्यंत शिट्टी वाजली!

कमिटीनं ठरवलं, अजून एक वर्ष ताईंना द्यायचं. जमलं नाही तर रायफल पुढच्या नंबराला.

पुढचा नंबर डॉक्टरांचा. कित्येक वर्षांपासून ते त्या रायफलीची वाट पाहत होते. आणि ताईंची काडतुसं भरणारेही तेच!

* * *

त्यानंतर डॉक्टरांनी डमी बनवायचं मनावर घेतलं. डमी म्हणजे दारू नाही, ठिणगी पाडणारी टोपी नाही, नुसती केस आणि गोळी. मॅगझीनमधून नीट चढतं का, ते पाहायला. ताईंनी त्या डमींना लाल नेलपॉलिश लावून दिलं, चुकून गल्लत नको म्हणून.

तरीही वकीलसाहेबांनी चष्मा न लावता एक डमी भरलीच. श्वास रोखला, नेम धरला, घोडा दाबला. टक!

“वाहवा डॉक्टर! ना आवाज, ना धक्का. आजवर असं काडतूस पाह्यलंच नाही मी!”

* * *

या डमी डॉक्टरांच्या दवाखान्यातही पोचल्या. पेशंट नसला की ते टेबलावर लांबी मोजत बसायचे. एकदा उटनूरहून एक गृहस्थ दाढ काढायला आले. गाल सुजलेला, चेहरा रडवेला. खुर्चीत आडवे झाले, आ केला, आणि नजर गेली शेजारच्या ट्रेकडे. चिमटा, आरसा, आणि त्यांच्या मधोमध बोटाएवढं काडतूस!

गृहस्थ ताडकन उठून बसले आणि तेलुगूत म्हणाले, “नोप्पी तग्गिंदंडी!” म्हणजे दुखणं कमी झालं हो! चपला हातात घेऊनच ते बाहेर पडले. त्या दिवसापासून डमी क्लबात ठेवायच्या, असं डॉक्टरांना त्यांच्या बायकोनं घरी सांगितलं.

* * *

डमी तर सगळ्या मस्त चढायच्या. मग चौथं काडतूस अडकलं काऊन, का म्हणून? डॉक्टरांना झोप येईना. एका रविवारी त्यांनी ताईंना तीन गोळ्या झाडून थांबायला सांगितलं आणि मॅगझीनमधलं उरलेलं काडतूस काढून मोजलं. भरलं होतं त्यापेक्षा लांब निघालं!

प्रत्येक धक्क्याला गोळी केसमधून थोडी थोडी बाहेर सरकत होती. डमीला धक्काच बसत नाही, मग कळणार कसं?

“डॉक्टर, तुमची काडतुसं तर वाढत्या वयाची हायेत!” वकीलसाहेब म्हणाले.

डॉक्टरांनी केसची पकड घट्ट केली. सरकणं कमी झालं, पण पुरतं थांबेना. गोळी अजून आत घ्यायला हवी होती, म्हणजे सरकली तरी अडकणार नाही. पण तसं केलं की दारूही घटवायची, आणि मग या रायफलीची कागदावरची भोकं पांगायची. डॉक्टर कुरकुरत होते. वकीलसाहेबांना राहवलं नाही.

“नका घेऊ आत! अडकलं का रायफल तुमचीच हाय!”

कोणीच हसलं नाही. डॉक्टरांनी कप तसाच ठेवला आणि स्कूटर काढली. मला फार वाईट वाटलं. वकीलसाहेबांनाही वाटलं असावं, कारण त्या दिवशी बिस्किटांना त्यांनीही हात लावला नाही.

* * *

यंदा हैदराबादला ताईंबरोबर मी आणि डॉक्टर गेलो. वकीलसाहेबांची कोर्टात पेशी होती.

वेळेची फेरी सुरू झाली. लोक दुर्बिणीतून टार्गेट पाहत होते. डॉक्टर टार्गेटकडे बघतच नव्हते, त्यांचे डोळे ताईंच्या बोल्टवर. पहिलं चढलं. दुसरं, तिसरं. चौथ्याला डॉक्टरांनी माझं मनगट असं आवळलं की घड्याळ रुतलं. चढलं! पाचवंही चढलं, आणि मग शिट्टी झाली.

कागद हातात आला. भोकं तळहाताएवढी पांगलेली. डॉक्टरांच्या काडतुसांचा इतका ढिला कागद मी आजवर पाहिला नव्हता. पण सगळी वर्तुळाच्या आत होती. मार्क जेमतेम, तरी पुरेसे.

ताईंचे डोळे भरून आले. “डॉक्टर, तुमच्या काडतुसाचं हे असं?”

“हाव,” डॉक्टर म्हणाले. “आखूडच केली यंदा.”

ताईंनी रायफल उचलली, बोल्ट उघडून आत पाहिलं, आणि ती डॉक्टरांच्या हातात दिली. डॉक्टर दोन्ही हातांनी ती धरून आमच्या पुढे पुढे चालायला लागले.

तेवढ्यात मला वकीलसाहेबांचा फोन आला.

“काय झालं? रायफल कोनाकडं हाय?”

“डॉक्टरकडं.”

“अरेरे! म्हणजे ताई हारल्या?”

“नाही हो, पास झाल्या!”

“मंग रायफल डॉक्टरकडं काऊन?”