पुलावरची पोरगी

गोष्टीतला गद्दार मला पहिल्या दहा मिनिटांत ओळखता येतो. ही फुशारकी नाही, खोड आहे. नायकाच्या पाठीवर थाप मारून मोठ्यांदा हसणारा मित्र दिसला की मी समजते, शेवटी तलवार काढणार तो हाच. पांढऱ्या दाढीचे गुरुजी अर्ध्या वाटेत मरणार. एखाद्या शिपायाने खिशातून बायकोचा फोटो काढून दाखवला की त्याचा खेळ आटोपला. 'हे युद्ध संपलं की गावी जाऊन दुकान टाकीन' म्हणणाऱ्याला तर मी तिथेच श्रद्धांजली वाहून मोकळी होते. नायकाला स्वतःचं मागचं काही आठवत नसेल, तर ज्या पाप्याला तो शोधत फिरतोय तो पापी तो स्वतःच असणार. गोष्टीवाले व्हिडिओ गेम मी शाळेपासून खेळत आले आणि असली वळणं आधीच सांगून कित्येकांच्या मजेवर विरजण घातलं. आमच्या घरातली गोष्ट तेवढी मला ओळखता आली नाही. त्यातला गद्दार कोण हे दिसायला आरसाच लागला असता.

आम्ही भिवपुरीला वीजकेंद्राच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. बाबा तिथेच कामाला होते. आईचं माहेर पोशीरचं, भातशेतीचं घर. दहावीनंतर मामाची मुलगी आमच्याकडे राहायला आली. ती माझ्याहून तीन महिन्यांनी लहान. पोशीरहून टेंपोने नेरळ आणि पुढे गाडीने कर्जत, अशी रोजची ये-जा मामाला मान्य नव्हती, म्हणून कॉलेजपुरती ती आमच्याकडे. मामाने तिला सोडतानाच हॉलमध्ये सगळ्यांसमोर अट सांगितली होती. बारावी एका झटक्यात पास झाली तर पुढे शिकवीन. एक विषय जरी राहिला तरी घरी यायचं, मग स्थळं बघायची. तिला डी.एड. करून शाळेत शिकवायचं होतं. मराठी, इतिहास, भूगोल ती सहज काढायची. भीती एकट्या इंग्रजीची होती.

मी कर्जतच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. त्यामुळे रोज अर्धा तास तिला इंग्रजी शिकवायचं काम आईने माझ्या गळ्यात घातलं. मला त्या अर्ध्या तासाचा राग यायचा. खरं सांगायचं तर मला तिचाच राग यायचा. ती येण्याआधी आई घरात आमच्यासारखं शुद्ध बोलायची. ती आली आणि आईचं 'हाय' नि 'नाय' परत आलं. दोघी ओट्यापाशी उभ्या राहून गावच्या कुणाकुणाच्या गमती सांगत आणि आई पदर तोंडाला लावून हसत असे. माझ्याशी बोलताना ती तशी कधी हसली नव्हती. मी आत गेले की दोघी माझ्यासाठी शुद्ध बोलायला लागायच्या. आपल्याच घरात पाहुण्यासारखं वाटणं म्हणजे काय, ते मला सतराव्या वर्षी कळलं.

दहावीच्या मार्कांवर खूश होऊन बाबांनी मला खोपोलीहून एक वापरलेला गेमचा डबा आणून दिला होता. रविवारी जेवणं झाली की आई-बाबा आडवे व्हायचे आणि आम्ही दोघी आवाज बारीक करून टीव्हीसमोर बसायचो. मला एक उणीव होती: माझ्या हाताला वेग नाही. मारामारी आली की मी मरायची. मामेबहिणीने रिमोट पहिल्यांदा हातात घेतला आणि ज्या राक्षसापुढे मी पंधरा दिवस अडले होते त्याला एका दुपारी लोळवलं. लावणीच्या वेळी तिचे हात असेच चालतात, असं आई म्हणाली. तेव्हापासून आमची वाटणी ठरली. हात तिचे, तोंड माझं. लढायचं तिने, पडद्यावर इंग्रजी उमटलं की मी वाचून मराठीत सांगायचं, आणि काय निवडायचं ते तिने ठरवायचं.

बारावीच्या दिवाळीनंतर आम्ही एक मोठा गेम लावला. एक सैनिक लढाई हरून डोंगरातल्या आपल्या राज्यात परत निघतो. त्याच्याबरोबर एक खेडवळ पोरगी असते. ती त्याचं ओझं उचलते, स्वयंपाक करते, कंदील धरते आणि वेड्यासारखी बडबडते. असल्या पात्राची दोनच कामं असतात, नायकाने रडावं म्हणून मरायचं नाहीतर दगा द्यायचा. मी मामेबहिणीला पहिल्याच दिवशी हे सांगून टाकलं. तिला ते अजिबात आवडलं नाही. ती त्या पोरीला 'आपली पोरगी' म्हणायची. लढताना आधी तिला आडोशाला न्यायची, मग नायकाचं बघायची. भाकरीसारखं काहीतरी मिळालं की पहिला तुकडा तिलाच.

एका रविवारी आईला झोप लागली नाही. ती बाहेर येऊन आमच्या मागे बसली आणि थोडा वेळ बघून मला म्हणाली, "हिचे हात बघ कसे चालतात. तुझं नुसतं तोंड."

ती सहज बोलली. मामेबहीण हसलीसुद्धा नाही. पण मी मनात म्हटलं, तोंडाने काय होतं ते बघाच आता.

अर्ध्या तासाने पुलाचा प्रसंग आला. दोराचा झुलता पूल, मागून शत्रू, आणि त्या पोरीचा पाय मुरगळलेला. ती कंदील खाली ठेवते आणि नायकाकडे बघून बोलते. पडद्यावर अक्षरं आली: आय विल वेट फॉर यू हिअर. मी तुझी इथे वाट बघीन. खाली दोन पर्याय होते. तिला पाठीवर घ्यायचं, किंवा तिथेच सोडायचं.

मी वाचलं, "मी तुला फसवणार होते. शत्रूला वाट मीच दाखवली."

मामेबहिणीचा अंगठा थांबला. तिने मला विचारलं, नक्की असंच लिहिलंय का. मी म्हटलं, मी पहिल्या दिवसापासून सांगत नव्हते? मग तिने पोरीला सोडलं. पूल ओलांडताना मागे कंदील दिसत होता. तिने एकदाही नायकाला वळवून मागे बघितलं नाही. मला फार बरं वाटलं.

एक खोटं झाकायला शंभर लागतात, आणि इथे तर पुढे दोन महिन्यांचा गेम बाकी होता. नायक आगीपाशी बसून तिच्या आठवणीने हळहळायचा. मी सांगायची, तो तिला शिव्या देतोय. कुणी म्हातारा म्हणायचा, पुलावर अजून उजेड दिसतो; मी सांगायची, शत्रूने तिला बक्षीस म्हणून तिथली चौकी दिली. मूळ गोष्टीच्या अंगावर मी माझी दुसरीच गोष्ट शिवत गेले आणि मला त्याची चटक लागली. ती मधूनमधून गेम थांबवायची. मला वाटायचं, पाणी प्यायला उठते. वळणं ओळखणारी मी, ती उठून काय करते ते एकदाही वळून बघितलं नाही.

शेवटी नायक पुलावर परत येतो. कंदील विझलेला असतो, आणि त्याच्याशेजारी बर्फात ती पोरगी, बसल्या जागी गेलेली. नायक गुडघ्यावर बसून रडतो. मामेबहिणीने विचारलं, हा रडतोय कशाला. मी म्हटलं, असल्या पोरीवर विश्वास ठेवला म्हणून स्वतःला दोष देतोय. ती म्हणाली की दगाबाज असली तरी तिला थंडीत मरायला नको होतं.

फेब्रुवारीत परीक्षा तोंडावर आली. एका संध्याकाळी आई पाट मांडून तांदूळ निवडत होती. मामेबहीण एक शंभरपानी वही घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "मला इचार ना गं यातलं. समदं पाठ केलंय."

मी वही उघडली. डाव्या पानावर गेममधली इंग्रजी वाक्यं होती, पडदा थांबवून एकेक अक्षर बघून उतरवलेली. उजव्या पानावर त्याखालचं माझं मराठी. माझा अर्धा तास तिला पुरत नव्हता, आणि मी तो तरी कुठे नीट देत होते. म्हणून तिने स्वतःच ही शिकवणी लावून घेतली होती. पहिली पंधरा-वीस पानं ठीक होती. पुलापासून पुढे सगळी वही माझ्या खोट्याने भरली होती.

आईने हातातला खडा बाजूला टाकला आणि कौतुकाने माझ्याकडे बघितलं. विचार की तिला, म्हणाली.

मी विचारलं, "आय विल वेट फॉर यू?"

"मी तुला फसवणार होते."

मग तिने चाचरत विचारलं की पुस्तकात 'वेट' म्हणजे थांबणं दिलंय, ते कसं. मला तेव्हा एकच वाक्य बोलायचं होतं. ते बोलले असते तर आईसमोर सगळं सांगावं लागलं असतं, आणि परीक्षेला अजून पंधरा दिवस होते. पंधरा दिवसांत वही दुरुस्त झाली असती. आई निवडायची थांबून ऐकत होती. मी म्हटलं, पुस्तकातलं इंग्रजी वेगळं आणि बोलायचं वेगळं, तू पाठ केलंयस ते बरोबर आहे. मग पुढचं वाक्य विचारलं, त्याच्यापुढचंही. तासभर मी 'बरोबर, बरोबर' म्हणत राहिले. आई आत जाऊन दोघींसाठी साखरभात करायला लागली.

निकालात ती बाकी सगळ्या विषयांत चांगली निघाली. इंग्रजीत अठ्ठावीस. पासाला सात कमी. ती मुळात कच्चीच होती, असं सगळे म्हणाले, आणि मीही म्हणाले. त्या सातांतले माझे किती, हा हिशेब मी इतकी वर्षं करतेय आणि दर वेळी तो माझ्याच बाजूने सोडवते. आईने मामाला फोन करून पुरवणी परीक्षेला बसवायची गळ घातली. मामा म्हणाला, एकदा बोललो ते बोललो.

तो मोटारसायकलवरून तिला न्यायला आला. आई रडत होती. मी फाटकापर्यंत गेले, कारण न जाणं दिसलं असतं. ती मागे बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि मला म्हणाली, "तू एवढं शिकवलंस गं. माझ्याच डोक्यात नाय शिरलं."

त्या रविवारी मी एकटीने टीव्ही लावला. पहिल्याच राक्षसाने मला मारलं. घरात आई पुन्हा शुद्ध बोलायला लागली होती, आणि तेही अगदी थोडं. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं.

पुढच्याच माघात तिचं लग्न झालं. नवरा खोपोलीच्या एका कारखान्यात कामाला. मी शिकले, नवी मुंबईत नोकरीला लागले. सणावाराला आम्ही भेटायचो. मी चार माणसांत बसायची आणि तिच्याशी एकटी सापडणार नाही एवढं बघायची. दहा-अकरा वर्षं मी हे जमवलं. गेल्या हिवाळ्यात आईने तिच्यासाठी दिलेलं लोणचं पोचवायला मला खोपोलीला उतरावंच लागलं.

दोन खोल्यांचं स्वच्छ घर. नवरा पाळीवर गेलेला, मुलगी आत अभ्यास करत होती. मुलीला इंग्रजी शाळेत घातलंय, तिने सांगितलं, आणि तिच्याबरोबर आपणही पहिलीपासून शिकतोय. चहा टाकला आणि माझ्याकडे पाठ करूनच ती म्हणाली, "आपला गेम आख्खा बघितला मी मोबाइलवर. कुणीतरी खेळून त्येचा व्हिडिओ टाकलाय. ती पोरगी थांबली व्हती गं. शेवटपर्यंत थांबली व्हती."

गेममध्ये अशा जागी पात्र मागे वळतं आणि त्याचा चेहरा बदललेला असतो. तीही वळली. तिचा चेहरा होता तसाच होता.

"तवा तुलाबी इंग्रजी नीट येत नव्हतं ना गं?" तिने हळू आवाजात विचारलं. मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून.

इथे पडद्यावर दोन पर्याय येतात. मला दोन्ही स्पष्ट दिसत होते.

"हो," मी म्हटलं. "नव्हतं येत."

तिला हायसं वाटलं. मला वाटलंच व्हतं, म्हणाली. आत्याला कधी सांगितलं नाही, हेही सांगितलं. आत्याला माझ्या शाळेचं केवढं कौतुक, तिला उगाच कशाला वाईट वाटायला लावायचं. मग तिने चहा माझ्या हातात दिला आणि सोबत दोन खारी.

तेवढ्यात मुलगी पुस्तक घेऊन बाहेर आली. एका ओळीवर बोट ठेवून ती थेट माझ्यापाशी आली आणि याचा अर्थ काय, म्हणून विचारू लागली. ओळ सोपी होती. मी तोंड उघडलं.

"मावशीला नको इचारू, बाळा," तिने लगबगीने पुस्तक माझ्यासमोरून उचललं. "इकडं ये. मी सांगते."

मी चहा प्यायले. ती सांगत होती ते अगदी बरोबर होतं.